दिवाडीचा बांध

माझी आत्या दिवाडीला दिली होती. आमच्या आजीच्या भाषेत सांगायचे तर मुलगी ‘पाण्यात दिली’. खानापूरच्या घाटमाथ्यावरच्या माणसांना बेट ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकापुरती ठाऊक. चहूबाजूंनी पाणी असलेल्या गावात माणसे कशी राहतात, रात्री झोपतात तरी कशी, असा प्रश्न आजीला शेवटपर्यंत पडत असे. त्यात लग्नानंतर थोड्याच वर्षांनी, १९५५ मध्ये, गोव्याची नाकेबंदी झाली. परवान्यावर ये-जा चालू होती म्हणतात, पण आमच्यासारख्या शेतकरी घराला ते काही जमले नाही. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आजीने लेकीचे तोंड पाहिले. मधल्या काळात आत्याला दोन मुले झाली होती.

दिवाडी म्हणजे मांडवी नदीच्या मुखाजवळ, जुन्या गोव्याच्या अगदी समोर असलेले बेट. नकाशात ते दिवार या नावाने सापडेल. शेजारी चोडण, पलीकडे जुवे, मध्ये वांशीचा लहानसा तुकडा. पोर्तुगीज या सगळ्या भागाला ‘इल्याश’, म्हणजे बेटे, असेच म्हणत. आपण तिसवाडी म्हणतो. आणि ही मांडवी म्हणजे दुसरी कुणी नव्हे, आपलीच म्हादई. खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात ती उगम पावते, घाट उतरून गोव्यात जाते आणि खाली मांडवी होते. आजीला हे कुणीतरी सांगितले तेव्हा तिला जरा बरे वाटले. आपल्या ओढ्याचे पाणी लेकीच्या दारावरून जाते, एवढा तरी संबंध राहिला.

१९६८ साली मी पाचवीत होतो. आईच्या बाळंतपणामुळे मला मृगापासून दिवाळीपर्यंत आत्याकडे ठेवले. शाळा बुडाली. पण आज वळून पाहता त्या पाच महिन्यांत मी जे शिकलो ते मला पुढे कुठल्याच वर्गात शिकवले गेले नाही.

अनमोडच्या घाटाने फोंड्याला, तिथून जुन्या गोव्याला. मोठमोठ्या चर्चच्या मधून जाणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून थेट धक्क्यावर उतरतो. एके काळी नवा व्हाइसरॉय लिस्बनहून आला की याच कमानीतून शहरात शिरायचा. मी उलट दिशेने, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात आतोबांचे बोट धरून, तिच्यातून बाहेर पडलो. धक्क्यावर लाँच उभी होती. तिला तिथली माणसे ‘गॅसोलिना’ म्हणत. पाच-सात मिनिटांत आम्ही पलीकडे होतो. एवढ्याशा पाण्यासाठी आजीने इतकी वर्षे धसका घेतला होता, याचे मला नवल वाटले.

नवल फार दिवस टिकले नाही. नदी ओलांडायला पाच मिनिटे लागतात, पण फेरी यायला हवी. शेवटची फेरी गेली की बेट कुलूप लावल्यासारखे बंद. रात्री कुणाचे दुखणे निघाले तर होडीवाल्याला उठवायचे. बाजार विसरला तर उद्या. धक्क्यावर उभे राहून वाट पाहणे हा दिवाडीच्या आयुष्याचा एक मोठा हिस्सा आहे, आणि त्या वाट पाहण्यातच गावाच्या सगळ्या बातम्या, सोयरिकी, भांडणे आणि समेट होतात. आमच्याकडे पारावर जे होते ते तिथे धक्क्यावर.

पण बेटाचे खरे मर्म धक्क्यावर नव्हते. ते होते बांधावर.

दिवाडीच्या मध्यावर टेकडी आहे आणि टेकडीच्या कुशीत घरे. खाली सभोवार भाताची शेते पसरलेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती आपल्याकडच्या शेतांसारखीच वाटली. मग आतोबा मला कडेला घेऊन गेले. कडेला मातीचा आणि चिऱ्यांचा एक लांबच लांब बांध होता. बांधाच्या बाहेर खारफुटीची झाडी आणि नदी. आतोबांनी बांधावर उभे राहून एक हात नदीकडे आणि एक शेताकडे केला. भरतीची वेळ होती. नदीचे पाणी शेतापेक्षा उंचावर होते! मला क्षणभर गरगरल्यासारखे झाले. मी ज्या जमिनीवर महिनाभर हुंदडत होतो ती पाण्याच्या पातळीखाली होती आणि मधे फक्त ही मातीची भिंत.

अशा शेतांना खाजन म्हणतात. समुद्राची भरती मांडवीत कित्येक किलोमीटर आत येते. तिच्यासोबत खारे पाणी येते. ते अडवून आतली दलदल पिकाखाली आणायची ही विद्या कोकणपट्टीत फार जुनी आहे. कोकणच्या मौर्य राजाच्या, सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासच्या एका ताम्रपटात खाजनाचा उल्लेख येतो, म्हणजे तेव्हाही ती नवी नसावी. बांधाला ठिकठिकाणी दारे ठेवलेली असतात, त्यांना मानस म्हणतात. मानसाच्या लाकडी फळ्या अशा बसवलेल्या असतात की भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की त्या आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. ना यंत्र, ना माणूस. चंद्र उगवतो, मावळतो आणि दार उघडते, मिटते. मृगाचा पाऊस पडला की जमिनीतले मीठ धुऊन मानसावाटे नदीत जाते, मग मोड आणलेले भात पेरतात. कोरगुट आणि आसगो या तिथल्या जुन्या जाती. थोडेफार खारेपण त्या सोसतात. आतल्या पाण्याच्या चरात मासे वाढतात. अमावास्या-पुनवेच्या सुमारास रात्रीच्या ओहोटीला मानसाच्या तोंडाशी जाळे लावले की शेवटे, कालुंदर, सुंगटे, एखादे वेळी मोठे चोणक. ही मासेमारी मन मानेल तशी करायची नाही. मानसाचा दरवर्षी लिलाव होई आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी.

हा सगळा कारभार गांवकारीकडे असे. गांवकारी म्हणजे मूळ वसाहतदार घराण्यांची संस्था. जमीन गावाची, ती लिलावाने कसायला द्यायची, खर्च भागवून उरेल ते ‘झोण’ म्हणून गांवकारांत वाटायचे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली तेव्हा त्यांना ही व्यवस्था आयती मिळाली. १५२६ साली अफोंसो मेशिया याने या रीतिरिवाजांची सनद लिहून काढली, तिला फोराल म्हणतात. राज्यकर्त्यांना महसूल हवा होता, महसुलाला भात हवे होते आणि भाताला बांध. तेव्हा बाकी बरेच काही मोडले तरी गांवकारीला त्यांनी हात लावला नाही. नाव तेवढे ‘कोमुनिदाद’ झाले.

मोडले काय, तेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या बेळगाव भागाशी त्याचा जवळचा नातेसंबंध आहे. दिवाडीच्या नार्वे गावी सप्तकोटेश्वराचे मंदिर होते. गोव्याच्या कदंब राजांचे ते कुलदैवत. आपल्या नाण्यांवर ते या देवाचा वरप्रसाद मिळाल्याचे अभिमानाने कोरत. हेच कदंब आपल्या हलशीला राज्य करीत होते. शिवचित्त पेरमाडी याची राणी कमलादेवी हिने बाराव्या शतकात कित्तूरजवळच्या देगावला कमलनारायणाचे सुंदर देऊळ बांधवले, ते आजही उभे आहे. (म्हादईच्या उगमाजवळचे खानापूर तालुक्यातले देगाव वेगळे. या दोन देगावांत मी स्वतः पुष्कळ वर्षे घोटाळा केला आहे.) आज बेळगावच्या स्टँडवर आपण गोव्याच्या ‘कदंब’ गाडीत बसतो तेव्हा या घराण्याचेच नाव वाचत असतो. देगावचे देऊळ राहिले. दिवाडीचे मात्र चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी पाडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले आणि १५४० साली पोर्तुगीजांनी पुन्हा पाडले. लिंग विहिरीवर पाणी ओढण्यासाठी वापरात आणले होते, असे सांगतात. तिथून ते गुपचूप नदीपार डिचोलीकडे नेले गेले. ज्या गावी स्थापना झाली त्यालाही नार्वे हेच नाव मिळाले. तिथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराचा आरंभ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीला, सोमवारी झाला, असा शिलालेख दारावर आहे. इंग्रजी हिशेबाने १३ नोव्हेंबर १६६८. मी दिवाडीला होतो त्या वर्षी या घटनेला बरोबर तीनशे वर्षे होत होती; हे मला तेव्हा कुणी सांगितले नाही आणि सांगितले असते तरी मी सुंगटे पकडण्यात गुंग होतो.

दिवाडीचा महागणपतीही असाच पाणी ओलांडून खांडोळ्याला गेला. टेकडीवर पिएदादचे चर्च उभे राहिले. त्याच्या आवारातल्या दफनभूमीत एक लहान प्रार्थनागृह आहे, त्यात जुन्या देवळाचे दगडी कोरीव छत आजही पाहायला मिळते.

तेव्हा चित्र असे झाले की देव पलीकडे आणि शेत अलीकडे. काही घरे देवामागून गेली, पुष्कळ घरे धर्म बदलून शेतामागे राहिली. आत्याच्या शेजारी कातोलिक घर होते. दोन्ही घरांच्या चुली वेगळ्या, पंचांग वेगळे, मात्र बांध एकच. भरती कुणाच्या बाजूने आहे हे ती विचारत नाही. दिवाडीच्या माणसांना भांडणे ठाऊक नव्हती असे मात्र समजू नका! ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तिथे बोंदेराम नावाचा सण होतो, त्याचे मूळच हद्दीच्या भांडणात आहे. दोन वाड्यांचा तंटा मिटेना म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणे लावली आणि लोकांनी ती पाडायला सुरवात केली. आजही त्या दिवशी निशाणे मिरवतात आणि पोरे बांबूच्या ‘फोटाशी’तून तिरफळांचा मारा करतात. मलाही आतेभावाने एक फोटाश करून दिली होती. तिचा वापर मी कुणावर केला ते इथे सांगत नाही.

भरती-ओहोटी पाळणाऱ्या या भूमीने फौजांनाही आपल्या वेळापत्रकात बसवले. संभाजी महाराजांच्या सैन्याने २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री शेजारच्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला, तो ओहोटी साधून. दुसऱ्या दिवशी खुद्द व्हाइसरॉय काउंट आल्व्होर ते परत घ्यायला आला आणि जखमी होऊन मागे फिरला. महाराजांनी त्याच्या पाठलागात घोडा नदीत घातला, भरतीने घोडा वाहू लागला आणि खंडो बल्लाळाने त्यांना वाचवले, अशी कथा आहे. आतोबा ही गोष्ट सांगत तेव्हा शेवटी एकच शेरा मारत : “वेळ विचारायला हवी होती कुणाला तरी.”

नारळी पौर्णिमेच्या मध्यरात्री मला आरडाओरड्याने जाग आली. चॅपेलची घंटा वाजत होती, सणाला वाजते तशी नव्हे, एकसारखी. दारात कुणीतरी ओरडत गेला, “बांद फुटलो!” आत्याने कंदील लावला. आतोबा आधीच बाहेर पडले होते. पाऊस कोसळत होता आणि पुनवेची भरती पुरी चढलेली. आम्ही पोरे मागोमाग गेलो. अंधारात काही दिसले नाही, आवाज ऐकू आला. पाणी शेतात उतरत होते, त्याचा तो एकसुरी घोर आवाज माझ्या कानात अजून आहे.

भरतीत काही करता येत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक. माणसे पावसात उभी राहिली, ओहोटीची वाट पाहत. तोवर सामान गोळा झाले : माडाचे सोट, बांबूच्या मेखा, पेंढ्याच्या गुंड्या, टोपल्या. पहाटे पाणी उतरले तसे शंभरएक लोक चिखलात उतरले. दुपारची भरती येईपर्यंत अवघे पाच-सहा तास. त्या वेळात भगदाडात मेखा ठोकायच्या, सोट आडवे घालायचे, पेंढा आणि चिखल भरून तुडवायचा. बायकांची रांग टोपल्या पुढे सरकवत होती. आत्या आणि शेजारची कातोलिक बाई एकमेकींच्या हाताला हात लावून उभ्या होत्या. मी टोपल्या रिकाम्या परत नेत होतो. गांवकार कोण, कूळ कोण, मजूर कोण, काही ओळखू येत नव्हते, सगळे एकाच रंगाचे. साडेअकराच्या सुमारास पाणी पुन्हा चढू लागले. सगळे बांधावर उभे राहून पाहत राहिले. एका ठिकाणी झिरपले, तिथे दोघेजण अक्षरशः पाठ लावून बसले. बांध टिकला.

शेत मात्र गेले. आठवडाभरात भाताची पात पिवळी पडून करपली. गोकुळाष्टमीला लोक नार्व्याच्या काठी नदीस्नानाला गेले, आमच्या घरातून कुणी गेले नाही. आत्या म्हणाली, “पुढचे दोन पावसाळे मीठ धुण्यात जातील.” तसेच झाले. पण कुणी बांध सोडून देण्याची गोष्ट काढली नाही.

ती गोष्ट पुढे निघाली. १९७६ च्या कायद्याने कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. हे न्यायाचे होते. आतोबाही कूळच होते, आणि पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत राबल्यानंतर स्वतःच्या नावाचा कागद पाहून ते रडले होते. पण जमीन तुकड्यातुकड्यांनी ज्याची त्याला मिळाली, बांध मात्र कुणाच्याच नावावर चढला नाही. तो कुळांच्या संघांकडे आला. काही संघ चांगले चालले, काही कागदावर राहिले. पोरे आखातात, बोटीवर, पुढे पोर्तुगालच्या पासपोर्टावर विलायतेला गेली. भातात राहिले काय? मानसाच्या लिलावाला मात्र भाव चढत गेला. माशांना खारे पाणी हवे, भाताला नको. पूर्वी मानस शेताची सोय पाहून उघडत असे. आता ठेकेदार फळ्या उचलून ठेवतो. आत जितके पाणी तितके सुंगट. आतेभावाच्या शेताशेजारचे मानस एका ठेकेदाराने दोन पावसाळे असेच ठेवले, तक्रारी झाल्या, आश्वासने मिळाली, शेत खारवले ते खारवलेच. आज तिथे खारफुट उगवली आहे. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा ती तोडून पुन्हा भात लावण्याचीही सोय उरली नाही.

मधल्या काळात बेटावरून रेल्वे गेली. कोकण रेल्वे खाजनातून जाणार म्हणून नव्वदच्या दशकाच्या आरंभी गोव्यात मोठे आंदोलन झाले. भराव घातल्याने पाण्याच्या वाटा अडतील, ही त्यातली एक मोठी भीती होती. १९९८ च्या जानेवारीत मार्ग पुरा खुला झाला. गाडी दिवाडीवरून धडधडत जाते, पण तिथे स्टेशन नाही. दिवाडीच्या माणसाला मुंबईला जायचे असेल तर आधी फेरीने नदी ओलांडून करमळीला जायचे, तिथे गाडीत बसायचे आणि गाडी त्याला पुन्हा त्याच्याच घरावरून घेऊन जाते. आत्याला या गोष्टीची शेवटपर्यंत गंमत वाटे. ती गाडीला हात करायची.

पूल हवा की नको हा वाद तिथे कायमचाच. आतेभाऊ दादा हृदयविकाराने आजारी असतो, त्याला पूल हवा. त्याची बायको म्हणते, पूल झाला की वर्षात सगळी शेते बंगल्यांसाठी विकली जातील, नकोच. दोघांचेही बरोबर आहे, असे मी म्हटले तर दोघेही माझ्यावर रागावले. २०२५ साली रायबंदर-चोडण मार्गावर मोठ्या रो-रो फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हापासून वादात एक तिसरा पक्ष आला आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर मी दिवाडीला गेलो. दादाचा मुलगा मला बांधावर घेऊन गेला. शेती करणाऱ्या थोड्या तरुणांपैकी तो एक. बारा-पंधरा जणांनी मिळून पडीक खाजनाचा एक पट्टा पुन्हा लावला आहे. चालता चालता त्याने म्हादईचा विषय काढला. मला तो नको होता. आपल्याकडे हुबळी-धारवाडला पिण्याचे पाणी हवे म्हणून कळसा-भांडुराचे आंदोलन किती वर्षे चालले ते वाचकांना ठाऊक आहे. माझा मेहुणा नरगुंदचा, त्याने त्यासाठी लाठ्या खाल्ल्या आहेत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादाने कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी दिले, त्यात या दोन नाल्यांचे मिळून ३.९. निवाड्यावर तिन्ही राज्ये पुन्हा न्यायालयात गेली.

“काका,” तो म्हणाला, “वरून गोडे पाणी जितके कमी येईल तितकी भरती आत येणार. पावसाळ्यात फरक पडणार नाही कदाचित. पण पाऊस संपल्यावर? तुमच्याकडे यावर काय बोलतात?”

मी त्याला नरगुंदच्या विहिरींविषयी सांगितले. एप्रिलमध्ये तिथे टँकरमागे बायका कशा धावतात ते सांगितले. तो ऐकत होता. मग म्हणाला, “त्यांनाही एकदा इथे घेऊन या. मीही येईन तिकडे.” मेहुण्याला मी हे कळवले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

आम्ही मानसापाशी उभे होतो. फळ्या नव्या बसवल्या होत्या, जांभ्याच्या चौकटीत, लाकडाच्याच. भरती लागत होती. मुलाने मला बोलणे थांबवायची खूण केली. बाहेरून पाणी फळ्यांना टेकले, जराशा थरथरल्या, आणि मग एकामागून एक मिटत गेल्या. वाकून त्याने हाताने सांधा चाचपला, कुठे झिरपते आहे का ते पाहिले आणि खिशातून सुतळीचा तुकडा काढून एका फटीत दाबून बसवला.